तार कुठे टेकते?

ठाण्याच्या वर्तकनगरातून पोखरण रोडच्या कडेने सकाळी उपवनकडे फिरायला निघणाऱ्या ज्येष्ठांमध्ये एखाद्याच्या सदऱ्याआड, डाव्या हासळीच्या हाडाखाली, तीन बोटे रुंदीचा उंचवटा असतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘पेसमेकर बसवलाय, दोन वायरवाला.’ कंपनीचे नाव ठाऊक असते, खर्च किती आला ते ठाऊक असते, बॅटरी किती वर्षे चालणार हेही डॉक्टरांनी सांगितलेले असते. पण त्यातली वायर हृदयात नेमकी कुठे टेकवली आहे आणि दिवसभरातल्या लाखभर ठोक्यांपैकी किती ठोके यंत्राने दिलेले आहेत, हे सहसा कुणाला माहीत नसते. गेल्या पंचवीस वर्षांतले पेसिंगचे, म्हणजे यंत्राने ठोके देण्याचे, संशोधन मुख्यतः याच दोन प्रश्नांभोवती फिरते आहे. आज बसवलेल्या पेसमेकरने दहा वर्षांनी जिना चढताना दम लागेल की नाही, हे पुष्कळदा याच दोन उत्तरांवर ठरते.

आधी निसर्गाची व्यवस्था पाहू. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका. शरीराला रक्त पुरवण्याचे खरे कष्ट डावी जवनिका करते. ठोक्याची सुरुवात मात्र उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातल्या एका छोट्या पेशीपुंजात होते. हा सायनस नोड आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांना १९०७ मध्ये सापडला. तिथून निघालेली विजेची लहर कर्णिकांवर पसरते आणि मग तिला खाली उतरायला एकच दरवाजा असतो, एव्ही नोड. जपानचे सुनाओ तवारा यांनी जर्मनीत काम करताना १९०६ मध्ये त्याचे वर्णन केले. या दरवाज्यात लहर साधारण सेकंदाचा दहावा भाग थांबते. तेवढ्या वेळात कर्णिका आकसून आपले रक्त जवनिकांत पुरते ओततात. मग लहर हिस बंडल नावाच्या बारीक दोरीत शिरते, उजव्या आणि डाव्या शाखेत विभागते आणि पुरकिंजे तंतूंच्या जाळ्यातून दोन्ही जवनिकांच्या आतल्या भिंतींवर जवळजवळ एकाच क्षणी पोहोचते.

हा ‘एकाच क्षणी’ फार महत्त्वाचा आहे. पुरकिंजे तंतूंतून लहर सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते. हृदयाच्या साध्या स्नायूतून, पेशीकडून पेशीकडे सरकताना, तिचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. कॅडबरी जंक्शनहून मुलुंडला मोकळ्या पूर्व द्रुतगती महामार्गाने जाणे आणि तेच अंतर वस्तीतल्या गल्लीबोळांतून कापणे, यात जो फरक आहे तोच इथे आहे. महामार्गाने आलेली लहर साऱ्या जवनिकेला एकदम जागे करते आणि ती सगळीकडून एकत्र आवळली जाते. ईसीजीवर या जागे होण्याची खूण म्हणजे क्यूआरएस नावाचा उंच सुळका. निरोगी माणसात त्याची रुंदी १२० मिलिसेकंदांहून कमी असते.

बिघाड या वाटेवर कुठेही होऊ शकतो. वयानुसार वहनाचे तंतू झिजतात, तिथे तंतुमय ऊतक वाढते. हृदयविकाराचा झटका, झडपेची शस्त्रक्रिया, जन्मजात दोष ही आणखी काही कारणे. काही वेळा दोष औषधांचा किंवा शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या बिघाडाचा असतो: रक्तदाबासाठी दिलेल्या बीटा ब्लॉकर गोळ्या, डिगॉक्सिन, रक्तात वाढलेले पोटॅशियम किंवा मंदावलेली थायरॉईड ग्रंथी. म्हणून चांगला डॉक्टर पेसमेकरचे नाव काढण्याआधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगतो. कारण दूर होण्यासारखे असेल तर ते आधी दूर करायचे. अँजिओग्राफी स्वच्छ आली तरीही हार्ट ब्लॉक, म्हणजे ही वाट अडणे, असू शकते, कारण हा दोष विजेच्या वाटेचा आहे, रक्तवाहिन्यांचा असेलच असे नाही.

एव्ही नोडची वाट पुरती बंद झाली की कर्णिका आपल्या गतीने चालत राहतात, पण जवनिकांना निरोपच मिळत नाही. मग खालचा एखादा पेशीपुंज स्वतःच्या बळावर मिनिटाला तीस-चाळीस ठोके देऊ लागतो. माणूस चालताना थांबतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, न्हाणीघरात पडतो. घरचे म्हणतात, वय झाले, थकवा येणारच. ठोके काही सेकंद पूर्ण थांबले तर शुद्ध जाते, आणि ते पुन्हा सुरू झाले नाहीत तर सगळेच संपते. वय झालेल्या माणसाची नाडी मनगटावर एक मिनिटभर मोजणे घरातल्या कुणालाही जमते. ती वारंवार चाळिशीच्या खाली असेल किंवा माणूस उगीचच कोसळत असेल, तर ईसीजीला उशीर करू नये.

या आजारावरचा पहिला कायमस्वरूपी इलाज स्टॉकहोममध्ये झाला, तो बव्हंशी एका पत्नीच्या हट्टामुळे. आर्ने लार्सन त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांना दिवसातून अनेकदा बेशुद्धीचे झटके येत. एल्स-मारी लार्सन यांनी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांच्यामागे लकडा लावला. आतून बसवता येईल असे यंत्र तेव्हा प्रयोगाच्या पातळीवरच होते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी छाती उघडून लार्सन यांच्या हृदयाला तारा जोडल्या गेल्या. यंत्राचे भाग इपॉक्सीत ओतले होते आणि त्यासाठी साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, मग दुसरे बसवले. पुढे त्यांच्या शरीरात एकूण २६ यंत्रे बसली. ते २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी वारले, तेही दुसऱ्याच आजाराने. सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही त्यांच्या आधी गेले होते. जवनिकेला बाहेरून दिलेला ठोका माणसाला काय देऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. पुढे या प्रकरणात अशा ठोक्याच्या दुष्परिणामांविषयी बरेच येणार आहे. ते वाचताना लार्सन यांची ही ४३ वर्षे विसरू नका.

छाती उघडण्याची गरज लवकरच संपली. आज पेसमेकर बसवण्यासाठी पूर्ण भूल लागत नाही. कॅथलॅबमध्ये हासळीखालची जागा बधिर करतात, तिथल्या शिरेतून तार आत सरकवतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत ती उजव्या कर्णिकेतून झडप ओलांडून उजव्या जवनिकेत उतरवतात. तारेच्या टोकाला बारीक स्क्रू असतो किंवा काटे असतात, ते आतल्या भिंतीत रुततात. मग दोन गोष्टी मोजतात. किती कमी व्होल्टेजला हृदय ठोका स्वीकारते, ही पहिली. हृदयाचा स्वतःचा ठोका यंत्राला किती स्पष्ट ऐकू येतो, ही दुसरी. दोन्ही समाधानकारक असतील तर तार यंत्राला जोडतात, त्वचेखाली खिसा करून यंत्र आत ठेवतात आणि टाके घालतात. यंत्राचे वजन साधारण वीस ते तीस ग्रॅम भरते आणि बॅटरी आठ-दहा वर्षे किंवा त्याहूनही जास्त चालते. पुढचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कारण नवी तार अजून भिंतीत मुरलेली नसते. माळ्यावरचा डबा काढायला कुणीतरी दुसऱ्याने चढावे.

तातडीच्या प्रसंगी, विशेषतः हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आल्यावर, मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून तात्पुरती तार घालून बाहेरच्या यंत्राने ठोके देतात. अशा बहुतेक रुग्णांत ब्लॉक काही दिवसांत स्वतःहून सुटतो आणि कायमच्या यंत्राची वेळच येत नाही. नातेवाइकांनी त्या काही दिवसांत धीर धरावा.

यंत्राच्या कार्डावर तीन-चार इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर कोणत्या कप्प्याला ठोका द्यायचा ते सांगते, दुसरे कोणत्या कप्प्याचे ऐकायचे ते, आणि तिसरे ऐकल्यावर काय करायचे ते. व्हीव्हीआय म्हणजे जवनिकेला ठोका द्यायचा, जवनिकेचेच ऐकायचे आणि तिचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसायचे. हा एक वायरवाला पेसमेकर. डीडीडी म्हणजे कर्णिका आणि जवनिका दोन्हींचे ऐकायचे, दोन्हींना ठोका द्यायचा. हा दोन वायरवाला. शेवटी आर असेल तर माणूस चालू लागला की यंत्र स्वतःहून गती वाढवते.

एक वायरवाल्याची एक अडचण जुनी आहे. कर्णिका आपल्या तालात चालत असतात आणि यंत्र त्यांचा विचार न करता जवनिकेला ठोका देते. कधी कधी कर्णिका नेमक्या झडपा मिटलेल्या असताना आकसतात, तेव्हा रक्त उलटे मानेच्या शिरांकडे ढकलले जाते. मानेत धडधड, चक्कर, दम आणि एक प्रकारचा अस्वस्थपणा, याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. कर्णिकांचा ताल शाबूत असलेल्या माणसाला दोन वायरवाले यंत्र दिले की हा त्रास सहसा टळतो. कर्णिका कायमच्या थरथरत असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर दुसऱ्या वायरचा उपयोग नसतो. अशा रुग्णाला एकच वायर सांगितली तर डॉक्टर काटकसर करत आहेत असे समजू नये.

दोन वायरवाले यंत्र वरचा-खालचा ताल जुळवते म्हणून ते सर्वांत चांगले, असे बरीच वर्षे मानले जात होते. पण त्यातली जवनिकेची वायर कुठे टेकते, याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. ती साधारणपणे उजव्या जवनिकेच्या टोकाला टेकवत, कारण ती जागा गाठायला सोपी आणि तिथे तार पक्की बसते. तिथून दिलेला ठोका हिस बंडलच्या वाटेने जात नाही. तो स्नायूतून सरकत जातो. आधी उजवी जवनिका आणि मधला पडदा आवळला जातो, डाव्या जवनिकेची पलीकडची भिंत मागाहून जागी होते. ती आवळते तेव्हा पडदा सैल पडू लागलेला असतो. ईसीजीवरचा सुळका दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद होतो. शक्तीचा एक हिस्सा रक्त बाहेर टाकण्याऐवजी स्वतःच्याच भिंती इकडून तिकडे ढकलण्यात जातो. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल विगर्स यांनी १९२५ मध्ये प्राण्यांवर दाखवले होते की जवनिकेच्या पृष्ठभागावरून चेतवलेला ठोका नैसर्गिक ठोक्यापेक्षा दुबळा असतो. पहिला पेसमेकर बसायला तेव्हा तेहतीस वर्षे अवकाश होता.

मिनिटाला साठ या हिशेबाने वर्षाला तीन कोटींहून अधिक ठोके होतात. ते सगळेच उलट्या वाटेने गेले तर काय होईल? बऱ्याच जणांत काहीच होत नाही, हे आधी ठामपणे सांगितले पाहिजे. अनेक रुग्ण अशा पेसिंगवर पंधरा-वीस वर्षे सुखाने काढतात. पण काहींच्या हृदयात हळूहळू बदल होतात. आधी आवळणारा पडदा पातळ पडतो, उशिरा जागी होणारी भिंत जाड होते, डावी जवनिका फुगते, झडप गळू लागते आणि टू-डी इकोवरचे पंपिंग, म्हणजे डावी जवनिका दर ठोक्याला आतल्या रक्ताचा किती टक्के भाग बाहेर टाकते तो आकडा, उतरत जातो. जवनिकेला सतत पेसिंग मिळणाऱ्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोकांत काही वर्षांत असा दुबळेपणा येतो. यात रुग्णाचा दोष नसतो, यंत्रात बिघाडही नसतो. यंत्र सांगितलेले काम चोख करत असते.

ही गोष्ट डॉक्टरांच्या मनावर ठसवणारा धक्का २००२ मध्ये बसला. डेव्हिड नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत ५०६ रुग्ण होते. सगळ्यांचे पंपिंग ४० टक्के किंवा त्याखाली होते आणि सगळ्यांना धोक्याच्या वेळी झटका देणारे यंत्र बसवलेले होते. हृदयाची गती मंद म्हणून पेसिंगची गरज त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. अर्ध्यांचे यंत्र मिनिटाला ४० वर ठेवले, म्हणजे ते जवळजवळ गप्पच राहणार. अर्ध्यांना दोन कप्प्यांचे पेसिंग मिनिटाला ७० ने दिले. हा दुसरा गट सरस ठरेल अशी अपेक्षा होती. वर्षाअखेर मृत्यू आणि हृदय दुबळे पडल्यामुळे इस्पितळात भरती, या दोन्हींपासून पहिल्या गटातले ८३.९ टक्के लोक दूर राहिले, दुसऱ्यातले ७३.३ टक्के. चाचणी वेळेआधी थांबवली गेली. पुढच्याच वर्षी मोस्ट या चाचणीच्या आकड्यांतून दिसले की दोन वायरवाल्या यंत्रात जवनिकेला ४० टक्क्यांहून जास्त ठोके यंत्राचे असतील, तर हृदय दुबळे पडून भरती होण्याचा धोका सुमारे अडीचपट होतो. तिथे सगळ्यांचा दोष सायनस नोडमध्ये होता, बहुतेकांची खालची वाट धड होती. म्हणजे जवनिकेला ठोका देण्याची गरज नसताना यंत्र देत राहिले होते, कारण त्याचा प्रतीक्षाकाळ कमी ठेवलेला होता.

यातून आलेला पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. वरच्या ठोक्यानंतर खालच्या ठोक्यासाठी यंत्राने जरा जास्त थांबावे, हृदयाचा स्वतःचा निरोप पोहोचतो का ते पाहावे आणि पोहोचला तर गप्प राहावे. त्वचेवर प्रोग्रामरची कांडी ठेवून हे काही मिनिटांत बदलता येते. नव्या यंत्रांत यासाठी खास प्रणाली असतात. फार ताणूनही चालत नाही, वर-खालचे अंतर बेसुमार वाढले तर त्याचाही त्रास होतो. या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. सायनस नोडचा आजार असलेल्या, खालची वाट धड असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ‘व्हीपी ९० टक्के’, म्हणजे जवनिकेचे ९० टक्के ठोके यंत्राचे, असे दिसत असेल, तर त्याचे कारण डॉक्टरांकडून समजून घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

ज्याची वाट कायमची बंद आहे, त्याला मात्र गप्प बसणारे यंत्र देऊन भागत नाही. त्याला शंभर टक्के ठोके यंत्राचेच हवेत. म्हणून प्रश्न जागेवर येतो. उजव्या जवनिकेच्या टोकाऐवजी तार वर मधल्या पडद्याला टोचून पाहिली. कल्पना सरळ होती, पण तुलना करणाऱ्या चाचण्यांत ठोस फायदा निघाला नाही. मग डाव्या बाजूलाही एक तार द्यायची कल्पना पुढे आली. ही तिसरी तार हृदयाच्या मागच्या बाजूच्या शिरेतून डाव्या जवनिकेच्या पाठीवर नेतात आणि दोन्ही जवनिकांना जवळजवळ एकदम ठोका देतात. फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी असा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचे हृदय आधीच दुबळे आहे आणि डावी शाखा बंद आहे, त्यांना या उपचाराने नवे आयुष्य दिले. केअर-एचएफ या २००५ च्या युरोपीय चाचणीत ८१३ रुग्णांपैकी नुसत्या औषधांवरच्या गटात ३० टक्के मृत्यू झाले, तिसऱ्या तारेच्या गटात २० टक्के. हाँगकाँगमधल्या २००९ च्या चाचणीत पंपिंग चांगले असलेले १७७ रुग्ण घेतले होते. वर्षभराने टोकाच्या पेसिंगवाल्यांचे सरासरी पंपिंग ५४.८ टक्क्यांवर होते, दोन्ही जवनिकांना पेसिंग मिळणाऱ्यांचे ६२.२ वर. २०१३ च्या ब्लॉक-एचएफ चाचणीत एव्ही ब्लॉक आणि पंपिंग ५० टक्के किंवा कमी, अशा रुग्णांतही दोन्ही बाजूंचे पेसिंग सरस ठरले. मर्यादाही आहेतच. यंत्र महाग, काम लांबणारे, काहींची शीर सोयीची नसते, आणि साधारण एक-तृतीयांश रुग्णांना अपेक्षित फायदा होत नाही.

दोन बाजूंनी ढकलत बसण्यापेक्षा निसर्गाची वाटच का वापरू नये? हा प्रश्न गांभीर्याने घेऊन माणसांत कायमची तार थेट हिस बंडलला टोचून दाखवली ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेअर या लहानशा गावी काम करणाऱ्या डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा निबंध २००० मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. १८ रुग्णांत प्रयत्न झाला, १२ जणांत तो टिकला. त्या बारा जणांचे हृदय फुगलेले होते आणि कर्णिका थरथरत होत्या, तरी त्यांच्या पंपिंगमध्ये सुधारणा दिसली. ईसीजीवरचा सुळका अरुंद राहिला, म्हणजे ठोका यंत्राचा असूनही वाट हृदयाचीच होती. पेसिंगच्या इतिहासात हे पाऊल फार मोठे होते, आणि मराठी वाचकांत ते जितके माहीत असायला हवे तितके नाही. पण तेव्हाची साधने तोकडी होती. हिस बंडल काही मिलिमीटरची दोरी, ती क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसत नाही, विजेच्या बारीक खुणेवरून शोधावी लागते. सापडली तरी तिथे जास्त व्होल्टेज लागते आणि बॅटरी लवकर संपते. त्यामुळे पुढची दहाएक वर्षे थोडेच लोक या वाटेने गेले. नंतर चांगली साधने आली आणि पेनसिल्व्हेनियातच डॉ. पुगळेंदी विजयरामन यांच्यासारख्यांनी ही पद्धत नेटाने पुढे नेली.

२०१७ मध्ये चीनमधल्या वेन्झोऊच्या डॉ. हुआंग वेइजियान यांच्या गटाने आणखी एक मार्ग दाखवला. हिस बंडलच्या जरा पुढे, उजव्या बाजूने पडद्यात तार स्क्रूसारखी फिरवत फिरवत थेट डाव्या शाखेपर्यंत न्यायची. पडदा सेंटिमीटरभर जाड असतो, तार आत शिरत असताना ईसीजीची आकृती बदलत जाते आणि त्यावरून डावी शाखा गाठली हे कळते. इथे व्होल्टेज कमी लागते, तार पक्की बसते आणि यंत्र नेहमीचे दोन वायरवालेच चालते. भारतात या पद्धतीवर मदुराईच्या डॉ. शण्मुगसुंदरम पोन्नुसामी यांनी बरेच लिहिले आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या कॅथलॅबमध्येही ती वापरली जाते. ज्या देशात तीन तारांचे यंत्र फार थोड्यांना परवडते, तिथे कमी खर्चात जवळपास तसाच परिणाम देणारी पद्धत मोलाची आहे. दीर्घ मुदतीच्या मोठ्या चाचण्या अजून चालू आहेत. पण २०२३ मध्ये अमेरिका, आशिया-पॅसिफिक आणि लॅटिन अमेरिकेतल्या हृदयताल संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शनाने दिशा स्पष्ट केली आहे. पंपिंग ३६ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल आणि जवनिकेला वीस ते चाळीस टक्के किंवा जास्त पेसिंग लागणार असेल, तर हृदयाची नैसर्गिक वाट किंवा दोन्ही जवनिकांचे पेसिंग वापरणे उचित आहे.

तार नसलेला पेसमेकरही आला आहे. काही सेंटिमीटर लांबीची ही कुपी मांडीच्या शिरेतून नेऊन उजव्या जवनिकेत बसवतात. तारेचा संसर्ग, तार तुटणे हे प्रश्न उरत नाहीत. पण ठोका उजव्या जवनिकेच्या स्नायूलाच मिळतो, म्हणून वर सांगितलेला मूळ प्रश्न तिच्यासोबत येतोच.

जवनिकेच्या पेसिंगची आणखी एक बाजू वर्तकनगरकरांच्या अगदी दारात आहे. शेजारी वागळे इस्टेट आहे. ही एमआयडीसीची जुनी औद्योगिक वसाहत, आणि या भागातल्या कित्येक पेन्शनरांची उमेदीची वर्षे तिथल्या शेडमध्ये गेली आहेत. काहीजण आजही छोट्या कामाला जातात. यंत्र हृदयाचे ऐकून गप्प बसते हा त्याचा गुण आहे, पण आर्क वेल्डिंगच्या विजेचा गोंगाट ते हृदयाचाच ठोका समजू शकते आणि ठोका द्यायचे थांबू शकते. पूर्णपणे यंत्रावर अवलंबून असलेल्या माणसाला त्या क्षणी चक्कर येईल. असे काम करणाऱ्याने डॉक्टरांना मशिनचे अँपिअर सांगून आधी परवानगी घ्यावी. काम करताना वेल्डिंगची ठिणगी आणि पेसमेकर यांच्यात दोन फुटांचे अंतर ठेवावे आणि केबल एकमेकींजवळ ठेवाव्यात. चक्कर जाणवली की काम सोडून दूर व्हावे, नेहमीचा ताल परत येतो. घरात इंडक्शन शेगडीपासून दोन फूट, मोबाईलपासून सहा इंच एवढे अंतर पुरते. मॉलच्या दारातल्या चौकटीतून न रेंगाळता निघून जावे. मोतीबिंदू असो की प्रोस्टेट, कोणत्याही शस्त्रक्रियेआधी पेसमेकर आहे हे सांगावे, कारण विजेच्या चाकूचा गोंगाटही तसाच असतो.

खर्चाविषयी थोडे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. कायमस्वरूपी पेसमेकर बसवण्याचा तिच्यात समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. कोणते यंत्र बसते, कोणते नाही, हे पैसे भरण्याआधी तिथे विचारून घ्यावे.

साधे यंत्रही ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, अशांसाठी मुंबईत झालेले एक काम मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेत मृत्यूनंतर, नातेवाइकांच्या संमतीने अंत्यसंस्कार संस्थांनी काढून ठेवलेले पेसमेकर गोळा केले गेले. १२१ यंत्रांपैकी ५३ यंत्रांत पुरेशी बॅटरी होती. ती निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवली. डॉ. यश लोखंडवाला, डॉ. भरत कंथारिया, डॉ. डॅनियल मस्करेन्हस आणि सहकाऱ्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा एकाही रुग्णात जंतुसंसर्ग किंवा यंत्राचा बिघाड नोंदला गेला नव्हता. मजुरी करणारे कामावर परतले, गृहिणी पुन्हा घर चालवू लागल्या. पुढे २०२० मध्ये कॅनडाच्या गटाने १०५१ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांना पुन्हा वापरलेली यंत्रे बसवली होती आणि त्यांतला संसर्ग नव्या यंत्रांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हता. उत्पादक ही यंत्रे एकदाच वापरायची म्हणून विकतात आणि अमेरिकेत पुनर्वापराला मान्यता नाही, त्यामुळे हे काम काटेकोर देखरेखीखालीच व्हायला हवे. त्या त्रेपन्न जणांचा पर्याय मात्र ‘अधिक चांगली जागा की साधी जागा’ असा नव्हता. ठोका मिळणे की न मिळणे, एवढाच होता.

पेसमेकर असलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. बसवताना विचारा: ‘डॉक्टर, खालच्या कप्प्याला किती पेसिंग लागेल? वायर कुठे टोचणार?’ दर तपासणीला व्हीपीचा आकडा वहीत लिहा. तो वीसच्या वर असेल तर टू-डी इको केव्हा करायचा ते ठरवून घ्या आणि पंपिंगचा आकडा त्याच्याशेजारी लिहा. पंपिंग उतरत असेल, दम वाढत असेल, पाय सुजत असतील तर ‘बॅटरी ठीक आहे’ या उत्तरावर थांबू नका. अशा वेळी तारेची जागा बदलून किंवा एक तार वाढवून बऱ्याच जणांचे पंपिंग पुन्हा सुधारते. यंत्राचे कार्ड पाकिटात ठेवा. आणि आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा: माणूस गेल्यावर दहनापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण आतली लिथियम बॅटरी उष्णतेने फुटते. डॉक्टरांना सांगितले तर ते काम काही मिनिटांत होते.